प्रभूची प्रार्थना: पाठ म्हणायची, की तिच्यावरून प्रार्थना करायला शिकायचं?

तरुणसंघ_चिटणीस

मंडळीतल्या तरुण संघासाठी प्रार्थनेवर चार बुधवार घ्यायचे आहेत. विषय ठरलाय प्रभूची प्रार्थना, म्हणजे 'आमच्या स्वर्गातील पित्या'. अडचण ही की ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. अर्ध्या मिनिटात म्हणून होते आणि आमेननंतर कुणाला विचारलं की आत्ता काय मागितलंस, तर सांगता येत नाही. बायबलमध्ये लूक ११ मध्ये एक शिष्य म्हणतो, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, आणि त्यावर येशू ही प्रार्थना देतो. म्हणजे तिच्यात काहीतरी पद्धत असणार. ती कोणती?

मुलं हमखास विचारतील ते असं: ओळींच्या क्रमाला काही अर्थ आहे का? रोज तेच शब्द म्हणणं म्हणजे येशूने ज्याला बडबड म्हटलं तेच नाही का? आणि शेवटी 'येशूच्या नावाने मागतो' का नाही?

प्रवचन नको. उद्या सकाळी करून बघता येईल असं सांगा.

---

डोंगरावरून

क्रमापासून सुरू करतो, कारण माझ्या मते ही प्रार्थना जे शिकवते त्यातलं निम्मं क्रमातच आहे.

मत्तय ६:९-१३ उघडून समोर ठेवा. हाक मारून झाल्यावर आधी तीन विनंत्या: तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा. मग आमची भाकर, आमची ऋणे (म्हणजे पापं), आमची परीक्षा आणि वाइटापासून सुटका. या शेवटच्या दोन वेगळ्या धरल्या तर एकूण सात होतात, एकत्र धरल्या तर सहा. कॅथलिक आणि ल्यूथरन सात मोजतात, कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळ्या सहा. त्यावरून वाद घालू नका, वेळ जातो.

आपली नेहमीची प्रार्थना कशी असते? 'हे प्रभू' म्हटलं की लगेच दुखणं, परीक्षेचा निकाल, नोकरी. शेवटी 'तुझी इच्छा पूर्ण होवो'. इथे बरोबर उलट आहे. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात हे नेमकं मांडलंय: या प्रार्थनेतून काय मागावं एवढंच कळत नाही, कशाची ओढ आधी असावी हेही कळतं. पहिल्या तीन विनंत्या मनापासून म्हटल्या, की मागण्यांची जी यादी घेऊन बसलो होतो ती भाकरीच्या ओळीपर्यंत येताना थोडी बदललेली असते. काही गोष्टी आपोआप गळतात, काही नव्याने आठवतात.

दुसरी गोष्ट, अख्ख्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. 'माझी भाकर' नाही, 'माझी ऋणे' नाहीत. तिसऱ्या शतकातला कार्थेजचा बिशप सिप्रियन यावरच थांबतो: आपण एकट्यासाठी नाही, सगळ्या लोकांसाठी मागतो. गंमत म्हणजे हीच प्रार्थना शिकवण्याआधी तीन-चार वचनं येशू म्हणतो की खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर. दार बंद, माणूस एकटा, आणि तोंडात 'आमच्या'. मुलांना ही जोडी दाखवाच.

आता करायचं कसं. प्रत्येक ओळ म्हणायची, थांबायचं, आणि आजच्या दिवसातलं एकच नाव किंवा एकच प्रसंग त्या ओळीखाली ठेवायचा. एकच. 'सगळ्या जगातल्या सगळ्या दुःखितांना' असं म्हटलं की कोणाचाच चेहरा समोर येत नाही. भरलेली ओळ साधारण अशी दिसते:

'तुझे राज्य येवो. आमच्या गल्लीत चार दिवसांनी टँकर येतो आणि ज्याची ओळख त्याला आधी पाणी मिळतं. तिथे तुझं राज्य येवो. उद्या रांगेत मी उभा असेन तेव्हा माझ्या वागण्यातही येवो.'

'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. मावशींचं उद्या डायलिसिस आहे, गाडीभाड्याची सोय होऊ दे. बाबांना या आठवड्यात काम मिळू दे.'

एवढंच. दोन-तीन वाक्यं आणि पुढची ओळ. पंधरा मिनिटं असतील तर हाक आणि पहिल्या तीन विनंत्यांना मिळून सात मिनिटं द्या, भाकरीला तीन, क्षमेला तीन, उरलेली शेवटच्या ओळीला. नवखा माणूस पहिल्या तीन ओळी मिनिटात उरकतो आणि भाकरीवर बारा मिनिटं घालवतो, म्हणून सुरुवातीला घड्याळ हवं. महिनाभराने घड्याळ बाजूला ठेवा.

भाकरीच्या ओळीत 'आज' हा शब्द सोडू नका. निर्गम १६ मधला मान्ना, रानात इस्राएल लोकांना रोज मिळणारं अन्न, आठवा: माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा शब्बाथ. येशूच्या श्रोत्यांमध्ये रोजंदारीवरचे लोक होते, संध्याकाळी दीनार मिळाला तर घरी चूल पेटणार. तेव्हा या ओळीत दहा वर्षांचं नियोजन मागू नये. आज काय लागणार ते मागावं, उद्या पुन्हा यावं.

---

माळ_आणि_मिस्सा

वरचं पटलं, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. 'ही फक्त आराखडा आहे, शब्द आपले घाला' हे प्रोटेस्टंट सत्रांमध्ये फार सहज म्हटलं जातं. लूकमध्ये येशू म्हणतो, तुम्ही प्रार्थना कराल तेव्हा असे म्हणा. म्हणजे शब्दही दिले आहेत. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या 'दिदाखे' या पुस्तिकेत सूचना स्पष्ट आहे: ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. आशयावर बोला असं नाही, म्हणा.

जे शब्द पाठ आहेत ते जास्त सावकाश म्हणणं हाही प्रार्थना शिकण्याचा मार्ग आहे. यासाठी संत इग्नेशियस लोयोलाच्या दोन पद्धती आहेत, सोळाव्या शतकातल्या, आणि दोन्ही तरुणांना जमतात.

पहिली अशी. बसा किंवा गुडघे टेका. डोळे मिटा, नाहीतर एकाच जागी स्थिर ठेवा, इकडेतिकडे फिरवायचे नाहीत. 'पित्या' एवढंच म्हणा. त्या शब्दात अर्थ, आठवण, समाधान जे सापडेल ते सापडेपर्यंत तिथेच राहा. आटलं की पुढचा शब्द. इग्नेशियस यासाठी तासभर देतो. एक-दोन शब्दांतच तास गेला तर जाऊ द्या. उरलेली प्रार्थना शेवटी नेहमीसारखी म्हणून टाका. दुसऱ्या दिवशी कालचे शब्द भरभर म्हणायचे आणि त्यापुढच्या शब्दापासून पुन्हा थांबायला लागायचं. तरुणांना तास झेपणार नाही, दहा मिनिटं ठेवा.

दुसरी श्वासाची. एका श्वासाला एक शब्द, आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दाकडे किंवा ज्याला हाक मारतोय त्याच्याकडे लक्ष. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, नाहीतर भोवळ येते आणि मग पोरं हसायला लागतात.

काय चुकतं? पहिल्या पद्धतीत लोक शब्दाचं स्पष्टीकरण करू लागतात, मनातल्या मनात छोटं प्रवचन. तसं झालं की शब्द पुन्हा एकदा तोंडाने म्हणा, हाक म्हणून, आणि थांबा.

पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, जपमाळेत ही प्रार्थना सहा वेळा येते, ५३ 'नमो मारिया'च्या (मरियेच्या प्रार्थनेच्या) मध्ये. बहुतेक लोक तिच्यावरून सर्वात वेगाने जातात, कारण मणी एकच असतो. तिथे एक श्वास थांबणं एवढा बदल केला तरी फरक पडतो.

---

पोथी_उघडून

उरलेल्या दोन प्रश्नांना थोडक्यात.

बडबड. मत्तय ६:७ मध्ये तक्रार पुनरुक्तीबद्दल नाही. पुष्कळ बोललं की ऐकलं जाईल, या समजुतीबद्दल आहे. १ राजे १८ मध्ये बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत राहतात, ते याचं उत्तम उदाहरण. उलट अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो (मत्तय २६:४४), आणि स्तोत्र १३६ मध्ये एकच ध्रुवपद २६ वेळा येतं. तेव्हा रोज म्हणण्यात दोष नाही. 'एकवीस दिवस म्हटली की काम होतं' असले जे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतात ना, बडबड ती.

'येशूच्या नावाने' का नाही. योहान १६:२४ मध्ये येशू म्हणतो, अजून तुम्ही माझ्या नावाने काही मागितलं नाही. ते शेवटच्या रात्रीचं बोलणं आहे, ही प्रार्थना त्याच्या बरीच आधीची. शिवाय नाव म्हणजे अर्जाखालचा शिक्का नव्हे. देवाला 'पित्या' म्हणण्याचा अधिकारच पुत्रामुळे मिळतो, रोमकरांस ८:१५ वाचा. पहिल्या हाकेतच ते आलेलं आहे.

अजून एक, कोणीतरी विचारेलच: 'राज्य, सामर्थ्य व गौरव' ही ओळ काही बायबलांत कंसात का? कारण मत्तयच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानसमध्ये, ती नाही. उपासनेत मात्र अशी स्तुती फार लवकर रुळली होती. वर आलेल्या दिदाखेत तिचं जवळजवळ तसंच रूप आहे, आणि १ इतिहास २९:११ मधल्या दाविदाच्या स्तुतीशीही ती जुळते. मिस्सात (कॅथलिक उपासनेत) धर्मगुरू मध्ये एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग लोक ही ओळ म्हणतात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं एकत्र असली की नेमका तिथेच गोंधळ होतो, अर्धे पुढे जातात आणि अर्धे गप्प.

---

तरुणसंघ_चिटणीस

हे भरपूर झालं, आभार. आता अवघड भाग. क्षमेची ओळ. मुलांपैकी काहींच्या घरी खरोखर वाईट गोष्टी घडलेल्या आहेत. 'जसे आम्ही सोडले आहे' हे म्हणताना ती गप्प होतात. त्यांना काय सांगायचं? आणि 'परीक्षेत आणू नको' म्हणजे देव मोहात पाडतो का?

---

पाळकबाई

गप्प होणारी मुलं ही ओळ नीट वाचताहेत. त्यांना घाई करू नका.

आधी मजकूर. सातांपैकी फक्त याच विनंतीवर येशू प्रार्थना संपल्यावर पुन्हा बोलतो, मत्तय ६:१४-१५. म्हणजे ही ओळ सौम्य करून सांगण्याची सोय नाही. पण तिचं प्रमाण समजून घ्यायचं असेल तर मत्तय १८ मधला दाखला काढा. राजा चाकराचं जे देणं सोडून देतो ते दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. हिशोब फळ्यावर मांडा: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. आणि हाच चाकर ज्याचा गळा धरतो त्याचं देणं शंभर दीनार. शंभर दीनार काही क्षुल्लक नाहीत हं, साडेतीन-चार महिन्यांची कमाई आहे. दाखल्यात कुठेही असं म्हटलेलं नाही की तुझं काही बुडालंच नाही. बुडालंय, खरोखर बुडालंय. तरी सहा लाख पटींचा फरक आहे.

आता करायचं काय. ज्याच्याकडून इजा झाली त्याचं नाव घ्यायचं, काय केलं ते एका वाक्यात देवापुढे सांगायचं, गुळमुळीत नाही. मग तीन पायऱ्यांपैकी आज ज्या पायरीवर उभे आहोत तिथून बोलायचं. 'मी सोडतो.' ते जमत नसेल तर 'मला सोडायचं आहे, जमत नाही, मदत कर.' तेही जमत नसेल तर 'मला सोडावंसंही वाटत नाही, हे तुला सांगतो.' तिसरी पायरीसुद्धा प्रार्थना आहे. चुकतं कुठे, तर लोक तिसऱ्या पायरीवर असताना पहिलीचे शब्द म्हणतात आणि मग त्या ओळीवर रोज जीभ पुढे जाते, मन मागे राहतं.

हे मात्र स्पष्ट सांगा, पहिल्याच बुधवारी: ऋण सोडणं म्हणजे सूड देवाच्या हाती देणं. पुन्हा त्या माणसाच्या खोलीत एकटं जाणं नव्हे, तक्रार न करणं नव्हे, पूर्वीसारखा विश्वास ठेवणं नव्हे. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कोणी सांगितलं तर ते प्रार्थनेचा विषय म्हणून गटात ठेवायचं नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यात पाळकही आले, संघाचे चिटणीसही आले. 'क्षमा कर आणि विसर' हे वाक्य सत्रात कोणी उच्चारलं तर तिथल्या तिथे थांबवा. या प्रार्थनेत 'विसर' नाही.

क्रमाबद्दल एक भर. भाकर आधी, क्षमा नंतर. पापकबुली झाल्याशिवाय काही मागायचंच नाही, असं आपल्याकडे कित्येकांना शिकवलं जातं, आणि मग ज्याला स्वतःची लाज वाटते तो मागायलाच येत नाही. इथे पिता म्हणून हाक, नंतर जेवण, नंतर हिशोब. स्वतःला अपात्र समजणाऱ्या मुलासाठी याहून मोठी गोष्ट या प्रार्थनेत नाही.

परीक्षा. याकोब १:१३ सरळ सांगतो, देव कोणाला मोहात पाडत नाही. मग ही विनंती कशाची? गेथशेमानेत येशू झोपलेल्या शिष्यांना म्हणतो, जागे राहा आणि परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करा. तोच अर्थ इथे घ्या: माझी ताकद मला ठाऊक आहे, जिथे मी पडेन तिथे मला जाऊ देऊ नकोस. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये आणि इटालियनांनी २०२० मध्ये मिस्सातले शब्द या अंगाने बदललेही. ओळीखाली ठेवायचं ते नेमकं हवं. 'मला सर्व मोहांपासून राख' यात काही हाती लागत नाही. 'रात्री अकरानंतर मोबाइल हातात असतो तेव्हा', 'हिशोबाची वही माझ्याकडे एकट्याकडे असते तेव्हा' असं वेळ-जागेसकट म्हणा. गटात हे मोठ्याने म्हणायला लावू नका, मनात म्हणू द्या.

---

डोंगरावरून

पाळकबाईंचं भाकर-आधीचं निरीक्षण माझ्या उत्तरात यायला हवं होतं. त्याला जोडून 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' बद्दल. ही ओळ लोक पडदा टाकण्यासाठी वापरतात: मागायची भीती वाटते, नकार आला तर विश्वास डळमळेल, म्हणून आधीच 'तुझी इच्छा' म्हणून मोकळे. गेथशेमानेत क्रम बघा. 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' हे आधी, स्पष्ट. 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नाही' हे नंतर. तेव्हा आजारी माणसासाठी ही ओळ म्हणताना बरं होणं आधी उघड मागा.

आणि ओरिजेनने तिसऱ्या शतकात सुचवलेली एक गोष्ट: 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही' हे फक्त इच्छेला नाही, नाव आणि राज्य यांनाही लागू करून वाचा. तसं म्हटलं की पहिल्या तिन्ही विनंत्या एकदम जमिनीवर येतात.

---

बुधवारची_बैठक

मन भरकटण्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि तरुणांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये विटेनबर्गच्या आपल्या न्हाव्यासाठी, पेटरसाठी, प्रार्थना कशी करावी हे लिहून दिलं. त्यातला सल्ला: चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, कुठपर्यंत आलो हे तो विसरत नाही. गप्पा मारत, इकडेतिकडे बघत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक तरी कापेल नाहीतर गळा. त्याची रीत अशी: मन थंड असेल तर आधी दहा आज्ञा, विश्वासांगीकार, एखादं स्तोत्र स्वतःशी म्हणायचं. मग प्रभूची प्रार्थना एकदा संपूर्ण. मग पुन्हा पहिल्यापासून, एकेक विनंती घेऊन आपल्या शब्दांत. 'थोड्या वेळाने करू, आधी हे काम उरकू' या विचारापासून सावध राहायलाही तो सांगतो. मोबाइल नसतानाची गोष्ट आहे ही.

आणि वर घड्याळाचं जे आलं त्याला ल्यूथरचा छेद आहे. एखाद्या ओळीवर विचार भरभरून येऊ लागले तर बाकीच्या विनंत्या सोडा, गप्प राहून ऐका. तेव्हा वेळापत्रक पहिल्या बुधवारपुरतंच ठेवा, महिनाभर नको.

गटात मोठ्याने करायचं असेल तर सात विनंत्या सात जणांना वाटा, प्रत्येकाला कमाल तीन वाक्यं. चिठ्ठीवर लिहून वाचली तरी चालेल. दोन धोके. एक, प्रार्थनेत देवालाच शास्त्र शिकवणं: 'हे प्रभू, तुझ्या वचनात मत्तय अध्याय सहा मध्ये तू असे म्हणतोस की...' देवाला माहीत आहे. दुसरा जास्त वाईट, प्रार्थनेतून बातमी पोचवणं: 'प्रभू, तुला ठाऊक आहे अमक्याच्या घरी काल काय झालं.' आता सगळ्यांना ठाऊक झालं. नियम करा: गैरहजर माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय नाही.

चार बुधवारांची वाटणी मी अशी करीन: पहिल्यात मत्तय ६:५-८ आणि फक्त 'आमच्या स्वर्गातील पित्या', वर सांगितलेल्या शब्दाशब्दाच्या पद्धतीने. दुसऱ्यात तीन 'तुझे'. तिसरा अख्खा भाकर आणि क्षमेला, त्याला वेळ कमी पडेलच. चौथ्यात परीक्षा, मग संपूर्ण प्रार्थना एकत्र, ओळीओळीला दोन श्वास थांबून. तशी म्हणायला चार मिनिटं तरी ठेवा, आणि पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो मध्येच सूर धरतो.